थकवा म्हणजे आळस नव्हे
(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त झालेल्या आरोग्य शिबिरातील भाषण)



आम्ही काही डॉक्टर नाही. आमच्या घरात जे घडले तेवढेच सांगायला उभे आहोत. आमच्या आईला टी.बी. झाला होता, औषधाने बरा झाला. काही वर्षांनी असा थकवा आला की नळावरून हंडा आणताना ती मधेच खाली बसे. उठली की चक्कर. वजन उतरले, जेवणावरची वासना उडाली, मीठ मात्र चिमटीने खाई. हिरड्या आणि तळहाताच्या रेषा काळ्या पडल्या. आम्ही म्हणायचो, "आई, अंगात आळस भरलाय तुझ्या!" ते शब्द आज आम्हालाच टोचतात.

दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक ॲड्रिनल ग्रंथी असते. तिच्यातून कॉर्टिसॉल रक्तात येते. ताप, जखम, उपास यांत शरीर सावरते ते त्याच्या बळावर. ते आटले की होणाऱ्या या आजाराचे वर्णन लंडनच्या डॉ. थॉमस ॲडिसन यांनी 1855 साली केले. टी.बी.ने या ग्रंथी निकामी होऊ शकतात. दमा, सांधेदुखीसाठी महिनोन् महिने घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या एकाएकी बंद केल्या तरी कॉर्टिसॉल कमी पडते.

आता रक्ततपासणी. कॉर्टिसॉल सकाळी जास्त, रात्री कमी असते. म्हणून रक्त सकाळी 8-9 वाजता द्यावे. आईचे पहिल्यांदा दुपारी घेतले, त्यावरून काहीच ठरेना. सकाळचा आकडा 3 पेक्षा कमी आला तर आजाराचा संशय बळावतो. 15-18 च्या वर असेल तर बहुधा आजार नाही. मधला असेल तर इंजेक्शन देऊन अर्ध्या-एक तासाने पुन्हा रक्त तपासतात. एसीटीएच वाढलेले असेल तर दोष ॲड्रिनलमध्येच. वाढलेले नसेल तर मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी किंवा जुने स्टेरॉइड हे कारण असू शकते. ॲड्रिनलच्या आजारात सोडियम घटते, पोटॅशियम वाढते. आपण घेत असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना आधी सांगा, नाहीतर रिपोर्ट फसवतो.

आईला हायड्रोकॉर्टिसोन सुरू झाले. मोठा भाग उठल्याबरोबर, उरलेला दुपारपर्यंत; रात्री घेतले तर झोप उडते. जड कामे ती सकाळी उरकते, दुपारी पडते. तरीही थकवा राहिला तर गोळी आपल्या मनाने वाढवायची नाही. जास्त झाली तर हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते. रक्त कमी आहे का, थायरॉइड कसे आहे, हेही पाहावे लागते. टी.बी.चे रिफॅम्पिसिन चालू असेल तर या गोळीचा जोर कमी पडतो, म्हणून डॉक्टर डोस बदलतात.

एक चूक आम्ही केली, ती तुम्ही करू नका. आईला उलट्या लागल्या, गोळी पोटात राहीना. आम्ही म्हटले, उद्या बघू. पहाटे ती बेशुद्ध पडली. दवाखान्यात हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन आणि सलाईन मिळाले, म्हणूनच ती आज पुढच्या रांगेत बसली आहे.

तेव्हा ध्यानात ठेवा. तापात गोळी दुप्पट-तिप्पट करावी लागते, ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. उलटी झाली तर थांबू नका, दवाखाना गाठा. आजाराची चिठ्ठी खिशात ठेवा. पौर्णिमेला उपोसथ धरणाऱ्यांनीही गोळी चुकवू नये. आणि घरातले कुणी "दमलो" म्हणाले, तर हसण्यापूर्वी एकदा त्याचा तळहात पाहा.

जयभीम!