ऐकणारा कान घरात हवा

(शिरूर कासार येथे पालक व शिक्षकांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



शाळेच्या सभेला पालक येत नाहीत, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. सिंदफणेच्या काठी मात्र तिचा अर्थ वेगळा आहे. दसरा-दिवाळी उलटली की या परिसरातील असंख्य दांपत्ये पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. पती-पत्नी मिळून एक कोयता धरला जातो आणि मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत परतीची वाट मोकळी होत नाही. शाळेचे दुसरे सत्र आणि गळिताचा हंगाम एकाच वेळी चालतो. मग सभेला यायचे कोणी? अशा आईबापांना उदासीन म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

मूल त्यांच्याबरोबर फडावर गेले, तर शाळा सुटते. मुलगी थोडी मोठी असेल, तर तान्ह्या भावंडाला सांभाळणे तिच्याच वाट्याला येते. मूल गावी राहिले, तर शाळा टिकते; हंगामी वसतिगृहाच्या योजनेतून जेवणाचीही सोय होऊ शकते. परंतु सायंकाळी 'आज काय वाचलेस?' असे विचारणारी आई जवळ नसते. ती जागा कोणी भरून काढायची, हा आजचा खरा प्रश्न आहे.

पहिली-दुसरीतील मूल अक्षर जुळवीत, अडखळत वाचते. ते अडखळणे संपण्यासाठी रोज मोठ्याने वाचावे लागते आणि मोठ्याने वाचण्यासाठी समोर ऐकणारा माणूस लागतो. वर्गातील प्रत्येक मुलाचे वाचन रोज सवडीने ऐकणे एकट्या शिक्षकाला शक्य होत नाही. ते काम घराचे आहे.

आजी म्हणेल, 'बाबा, मला अक्षर कुठे येते?' आजी, आपल्या गावच्या हरिनाम सप्ताहाचे स्मरण करा. ज्ञानेश्वरीचे पारायण चालते, तेव्हा मंडपात अक्षरओळख नसलेली कितीतरी माणसे एकाग्रतेने बसलेली असतात. ती केवळ ऐकतात. पण त्या ऐकण्यानेच वाचणाऱ्याला बळ येते. शिवाय पारायण हे एकट्या महाराजांचे काम, असे कोणी म्हणत नाही. घरोघरच्या भाकरी येतात, पंगती उठतात, सारा गाव राबतो. वाचनासाठी गाव कसा उभा राहतो, हे आपल्याला बाहेरून शिकण्याची गरज नाही. ती रीत मंडपातून शाळेच्या ओसरीपर्यंत न्यायची आहे, एवढेच.

त्यासाठी काही साध्या गोष्टी सुचवितो. दिवेलागणीनंतर नातवाने अर्धे पान वाचावे आणि आजीने 'मग पुढे काय झाले?' एवढे विचारावे. आजीला येणाऱ्या कहाण्या, जात्यावरच्या ओव्या मुलांनी वहीत उतरवाव्यात आणि शाळेत वाचून दाखवाव्यात. निरक्षर आजीच मग त्या वर्गाचे पुस्तक होईल. आठवड्यातून एकदा मुलाने मोबाईलवरून कोपीवरच्या आईला एखादा उतारा वाचून दाखवावा.

२००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य आईवडील अथवा पालकत्व निभावणारे असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. तेव्हा हंगामात गावी राहणाऱ्या आजी-आजोबांनाही त्या समितीत मानाचे स्थान द्यावे, म्हणजे सभा ओस पडणार नाहीत.

२०१५ पासून १५ ऑक्टोबर हा डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिन आपण वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा करतो. बहुतेक गाड्या निघण्यापूर्वीचे हे दिवस! त्या दिवशी शाळेत आईने आपल्या हाताने मुलाचे पुस्तक आजीच्या हाती सोपवावे. याहून अर्थपूर्ण कार्यक्रम कोणता असेल?

मजुरांच्या मुलांची व्यवस्था लावणे हे शासनाचे कर्तव्य आहे आणि शिकविणे हे शिक्षकाचे. कुटुंबाच्या सहभागाने त्यातून कोणाची सुटका होत नाही. परंतु आपला वाटा आपण उचलला, तर हंगाम संपवून, थकून घरी परतलेल्या आईसमोर तिचे लेकरू पुस्तक उघडून बसेल आणि न अडखळता एक पान वाचून दाखवील. त्या माउलीच्या सहा महिन्यांच्या विरहाचे मोल त्याहून कशाने होणार?