कथा सांगणाऱ्या ग्रंथपाल : ऑगस्टा बेकर
(व्याख्यानाचा गोषवारा)



ग्रंथपाल म्हटले की पुस्तकांची देवघेव करणारी व्यक्ती डोळ्यांसमोर येते. परंतु योग्य पुस्तक निवडणे आणि त्यातील कथा मुलांच्या मनापर्यंत पोहोचविणे, ही दोन्ही कामे ग्रंथपालाचीच आहेत, हे ऑगस्टा बेकर यांनी अमेरिकेत आपल्या कार्याने सिद्ध केले.

त्यांचा जन्म १९११ मध्ये बाल्टिमोर येथे झाला. आई-वडील दोघेही शिक्षक. आजीच्या तोंडून ऐकलेल्या लोककथांनी त्यांना बालपणीच कथेची गोडी लावली. ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण घेऊन १९३७ मध्ये त्या न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या हार्लेममधील १३५ व्या रस्त्यावरील शाखेत बालविभागाच्या ग्रंथपाल म्हणून रुजू झाल्या.

ही वस्ती प्रामुख्याने कृष्णवर्णीयांची. कपाटांत पुस्तके होती. परंतु त्यांत या मुलांसारखी माणसे क्वचितच आढळत. आढळली, तर ती हास्यास्पद, आज्ञाधारक नोकराच्या रूपात आणि विद्रूप चित्रांत! मूल पुस्तकात स्वतःला शोधीत असते. तेथे त्याच्या वाट्याला उपहासच आला, तर त्याचा स्वाभिमान कोवळ्या वयातच खुडला जातो. बेकरबाईंनी हे ओळखले.

१९३९ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांच्या जीवनाचे यथार्थ दर्शन घडविणाऱ्या बालपुस्तकांचा स्वतंत्र संग्रह उभारण्यास आरंभ केला. त्याला कवी व समाजनेते जेम्स वेल्डन जॉन्सन यांचे नाव देण्यात आले. भाषा, आशय आणि चित्रे या तिन्ही कसोट्यांवर पुस्तक उतरले, तरच त्याची निवड होई. अशा पुस्तकांची उणीव जाणवताच त्यांनी लेखक, चित्रकार व प्रकाशक यांच्याकडे आग्रह धरला. निवडक पुस्तकांच्या त्यांच्या याद्या ग्रंथपालांना व पालकांना मार्गदर्शक ठरल्या.

कथाकथन हा या कार्याचा दुसरा पंख. कथा निवडावी विचारपूर्वक, तयारी करावी कसून आणि मग ती साधेपणाने सांगावी, ही त्यांची रीत. हावभावांचा अतिरेक नाही, शेवटी तात्पर्याचा उपदेशही नाही. कथा मोठी, सांगणारा लहान, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळेच ऐकणाऱ्या मुलाला अर्थ स्वतः शोधण्याचा आनंद मिळे.

१९५३ मध्ये ग्रंथालयाने त्यांची कथाकथन-तज्ज्ञ म्हणून नियुक्ती केली. १९६१ मध्ये संपूर्ण ग्रंथालयाच्या बालसेवेची सूत्रे त्यांच्याकडे आली. त्या ग्रंथालयात प्रशासकीय पदावर पोहोचलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय ग्रंथपाल होत. १९७४ मध्ये त्या निवृत्त झाल्या. पण कथेने त्यांना निवृत्त होऊ दिले नाही. एलिन ग्रीन यांच्यासह लिहिलेला कथाकथनकलेवरील त्यांचा ग्रंथ १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. १९८० ते १९९४ या काळात त्या साउथ कॅरोलायना विद्यापीठात निवासी कथाकार होत्या. १९८७ पासून तेथे त्यांच्या नावाने कथाकथनाचा महोत्सव भरू लागला. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

बंधू-भगिनींनो, बालवाचनालयाला कपाट देणे हे सत्कार्य खरेच. परंतु त्या कपाटात काय ठेवायचे, हे पारखणारी नजर आणि त्यातील कथा मुलांना सांगणारा जिव्हाळा लाभला, तरच त्या दानाचे सार्थक होते. बेकरबाईंच्या जीवनाचा हाच बोध आहे.