पडद्यावर न आलेली लढाई

संजय लीला भन्साळींचा २०१५ सालचा 'बाजीराव मस्तानी' मी परवा पुन्हा पाहिला. ना. सं. इनामदारांच्या 'राऊ' कादंबरीवरून घेतलेला हा चित्रपट. रणवीर सिंगचा घोड्यावरचा आवेश, झगमगते महाल आणि शेवटी तापात फणफणलेला, नदीच्या पाण्यात उतरून नसलेल्या शत्रूवर तलवार चालवणारा राऊ. अंगावर काटा येतो.

पण भोपाळच्या माणसाला एक रुखरुख लागते. बाजीरावांची थोर मोहीम इथं, आपल्या गावात झाली आणि ती पडद्यावर नाही.

१७३७च्या मार्चमध्ये बाजीराव थेट दिल्लीच्या वेशीवर धडकून परतले. हादरलेल्या बादशहानं दक्षिणेतून निजामाला बोलावून घेतलं आणि मराठ्यांच्या बंदोबस्ताला धाडलं. जंगी तोफखाना घेऊन निजाम माळव्यात आला आणि डिसेंबरात भोपाळच्या तटाच्या आश्रयाला, तलावाच्या आडोशानं बसला. तिथं चालून जायचं म्हणजे तोफांच्या तोंडी माणसं द्यायची. बाजीरावांनी ते केलंच नाही. मराठी घोडदळानं वाटा रोखल्या, दाणावैरण तोडली. दक्षिणेतून निजामाच्या मुलाची कुमक येऊ नये म्हणून तिकडे तापीच्या बाजूला बाजीरावांचे भाऊ चिमाजी अप्पा पहारा धरून होते. आत धान्य महागलं, जनावरं उपाशी मरू लागली. निजाम बाहेर पडला तो तोफांच्या आडून कोस-दीड कोस सरकायचा, की मराठे पुन्हा भोवती हजर!

अखेर जानेवारी १७३८मध्ये दोराह्याला, म्हणजे आपल्या शेजारच्या सीहोर जिल्ह्यात, निजामानं तह केला. माळवा आणि नर्मदा-चंबळेमधला मुलूख मराठ्यांना, शिवाय खर्चापोटी बादशहाकडून ५० लाख रुपये मिळवून देण्याची कबुली. माळव्याची रीतसर सनद आली १७४१मध्ये. ती पाहायला बाजीराव नव्हते. आदल्याच वर्षी नर्मदाकाठी रावेरखेडीला त्यांचा अंत झाला होता.

याच निजामाला आधी पालखेडच्या लढाईत नमवणाऱ्या बाजीरावांपेक्षाही मला भोपाळचे बाजीराव मोठे वाटतात. हाताशी खवळलेली फौज, समोर जुना वैरी, आणि तरीही एका धाडसी हल्ल्याच्या मोहात ते पडले नाहीत. असा सेनापती दाखवणं कॅमेऱ्याला अवघड खरं, पण अशक्य नाही.

मुलांना चित्रपट जरूर दाखवा. मग एखाद्या रविवारी दोस्त मोहम्मद खानाच्या फत्तेगडाकडे न्या, आज जिथं गांधी मेडिकल कॉलेज आहे तिकडे. मोठा तलाव दाखवा आणि विचारा: निजामाच्या जागी तुम्ही असता, तर कुठून निघाला असता?