गल्ल्याचा आकडा आणि प्रेक्षकाचे माणूसपण

(मनमाड येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



चित्रपट शुक्रवारी लागतो आणि सोमवारच्या वृत्तपत्रात त्याच्या गल्ल्याचा आकडा झळकतो. शंभर कोटींचा टप्पा कोणी ओलांडला, कोण मागे पडला, याची चर्चा चहाच्या टपरीपर्यंत पोहोचते. हा आकडा नेमके काय मोजतो, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. तो रुपये मोजतो. माणसे मोजत नाही.

साधे गणित करून पाहावे. एका चित्रपटाचे सरासरी तिकीट २५० रुपयांचे असेल, तर शंभर कोटी जमण्यास ४० लाख तिकिटे पुरतात. दुसऱ्याचे तिकीट ८० रुपयांचे असेल, तर त्याला सव्वा कोटी तिकिटे खपवावी लागतात. तक्त्यात दोघांचे स्थान एकच! कर आकारताना सरकार शंभर रुपयांच्या आतील आणि वरील तिकिटांत भेद करते. लोकप्रियतेचा तक्ता तेवढाही करीत नाही. त्यात महागाईची भर पडते. रुपयाचे मोल घसरत असताना प्रत्येक नवा विक्रम हा काही अंशी चलनवाढीचाच विक्रम असतो. अमेरिकेत १९३९ सालचा ‘गॉन विथ द विंड’ हा चित्रपट महागाईचा हिशेब लावला की आजही अग्रस्थानी जातो, तो यामुळेच.

पूर्वी मोजमापाचे एकक आठवडा हे होते. पंचवीस आठवड्यांचा रौप्यमहोत्सव, पन्नास आठवड्यांचा सुवर्णमहोत्सव. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला. दादा कोंडके यांच्या ओळीने नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव साजरे केले. १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘शोले’ला सुरुवातीचा प्रतिसाद थंड होता, पुढे तोच मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात पाच वर्षे चालला. पहिल्या तीन दिवसांवर निकाल देणाऱ्या आजच्या रीतीने त्याचे काय झाले असते? अर्थात जुनी रीतही निर्दोष नव्हती. पदरचे भाडे भरून रिकाम्या थिएटरात आठवडे ओढणारे निर्माते होते, आणि काळ्या बाजारात विकलेल्या तिकिटाचा वरचा पैसा कोणत्याच वहीत चढत नसे. तरीही आठवडे टिकण्यासाठी प्रेक्षकाने प्रेक्षकाला सांगावे लागे. जाहिरातीच्या जोरावर एकाच शुक्रवारी हजारो पडदे व्यापून रक्कम गोळा करणे, ही निराळी गोष्ट आहे.

या तक्त्यांचा भूगोलही पाहण्यासारखा आहे. चित्रपटाच्या व्यापारात देशाची विभागणी ‘सर्किट’नुसार होते, आणि ही सर्किटे इंग्रजांच्या प्रांतांची व संस्थानांची आहेत. नासिक जिल्ह्यातील मनमाड ‘बॉम्बे’ सर्किटमध्ये. येथूनच निजामाच्या जुन्या रेल्वेमार्गाने मराठवाड्यात शिरले की ‘निजाम’ सर्किट लागते. विदर्भ ‘सी. पी. बेरार’मध्ये. निजामाचे राज्य १९४८ साली संपले, १ मे १९६० रोजी संयुक्त महाराष्ट्र झाला. व्यापाऱ्याच्या खतावणीत मात्र मराठी मुलूख अजून तीन तुकड्यांत आहे.

याचा परिणाम कोणावर होतो? मालेगावच्या यंत्रमाग कामगाराची सुट्टी शुक्रवारची. सिनेमा हा त्याचा सण. ज्या गावात नासिर शेख यांच्यासारख्या तरुणांनी तुटपुंज्या साधनांतून स्वतःचा ‘शोले’ उभा केला, तेथील सिनेमाप्रेमाविषयी शंका कोण घेईल? पण त्याचे स्वस्त तिकीट तक्त्यात हलके ठरते. वितरक तक्ता पाहून पडदे वाटतो, म्हणून जेथे तिकीट महाग तेथे पडदे वाढतात आणि तालुक्याची एकपडदा चित्रपटगृहे कुलूपबंद होतात. मराठी चित्रपटाला गैरसोयीची वेळ मिळते, मग गल्ला कमी येतो, आणि तोच कमी गल्ला पुढच्या नकाराचा पुरावा बनतो. २०१६ साली ‘सैराट’ने हे चक्र भेदले. काही ठिकाणी त्याचे मध्यरात्रीनंतरचे खेळ लावावे लागले. ग्रामीण प्रेक्षक नाहीसा झाला नव्हता. तो मोजणीतून गळला होता.

फ्रान्समध्ये सार्वजनिक संस्था विकल्या गेलेल्या प्रत्येक तिकिटाची नोंद ठेवते, आणि तेथे चित्रपटाचे यश प्रेक्षकसंख्येत सांगितले जाते. आपल्याकडे वृत्तपत्रांतले आकडे बहुधा निर्माते आणि वितरक यांच्याकडून येतात. म्हणजे विक्रेत्यानेच आपल्या मालाचे माप घ्यावे! १ जुलै २०१७ रोजी करमणूक कर वस्तू व सेवा करात विलीन झाला. तिकीटविक्री आता बहुतांशी संगणकावर होते. तेव्हा तिकिटांची संख्या जिल्हावार प्रसिद्ध करणे अवघड नाही. अवघड आहे ती इच्छा.

म्हणून मागणी साधी असावी. रुपयांबरोबर तिकिटे मोजा, ती जिल्हावार जाहीर करा, आणि परवडणाऱ्या तिकिटाची चित्रपटगृहे तालुक्यात टिकवा. लोकशाहीत प्रत्येकाला एक मत असते. बाजारात ज्याच्याजवळ जितके रुपये तितकी त्याची मते. लोकप्रियता या शब्दातला ‘लोक’ बाजाराच्या हवाली करायचा की नाही, याचा निर्णय कार्यकर्त्यांनी करावयाचा आहे.