निष्ठा प्रेक्षकांची, मालकी कोणाची?



संघ हरू लागला की इंग्लंडमधील फुटबॉलच्या मैदानांवर दोन घोषणा उठतात. एक व्यवस्थापकाविरुद्ध आणि दुसरी मालकांविरुद्ध. तेथे व्यवस्थापक म्हणतात तो संघ निवडणाऱ्या, डावपेच ठरविणाऱ्या आणि खेळाडू घडविणाऱ्या प्रमुखाला. पहिली घोषणा बहुधा वर्षा-दोन वर्षांत फळाला येते आणि व्यवस्थापकाच्या हाती नारळ दिला जातो. दुसरी घोषणा मात्र वीस-वीस वर्षे देऊनही मालक जागचे हलत नाहीत. या दोन घोषणांच्या नशिबांत एवढे अंतर का असावे, हा प्रश्न वरवर खेळाचा दिसतो. वस्तुतः तो मालमत्तेचा आणि लोकशाहीचा प्रश्न आहे.

मँचेस्टर युनायटेड या जगप्रसिद्ध क्लबाचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. हा क्लब कोणा धनिकाने स्थापन केलेला नाही. १८७८ साली मँचेस्टरच्या न्यूटन हीथ भागातील रेल्वेच्या कारखान्यात, डबे आणि वाघिणी बांधणाऱ्या कामगारांनी तो उभा केला. १९०२ साली तो दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आला. एका मद्य-कारखानदाराने त्याला हात दिला आणि त्याचे आजचे नाव पडले. म्हणजे भांडवलदार या खेळात नव्याने आलेला नाही. मात्र त्या काळी त्याच्या हाताला लगाम होता. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेचा एक नियम होता: क्लब कंपनी म्हणून नोंदला गेला तरी भागधारकांना ठरावीक मर्यादेपलीकडे लाभांश घेता येत नसे आणि संचालकांना पगार घेता येत नसे. क्लब ही नफा उपसण्याची विहीर होऊ नये, एवढे शहाणपण त्या जुन्या, मुळीच समाजवादी नसलेल्या मंडळींजवळही होते.

हा बांध कोणी जाहीरपणे फोडला नाही. त्याला बगल दिली गेली. १९८३ साली लंडनच्या टॉटनहॅम क्लबाने वर एक नियंत्रक कंपनी उभारली आणि तिचे भाग शेअरबाजारात विकले. संघटनेचा नियम क्लबाला लागू होता. क्लबाच्या मालक कंपनीला नव्हता. संघटनेने याकडे काणाडोळा केला. १९९१ साली मँचेस्टर युनायटेडही शेअरबाजारात उतरला. १९९२ साली प्रीमियर लीगची स्थापना झाली आणि दूरचित्रवाणीच्या हक्कांचा पैसा पुरासारखा वाहू लागला. पूर आला की काठावर कोण येऊन बसतो, हे सांगावयास नको. १९९८ साली रुपर्ट मरडॉक यांच्या दूरचित्रवाणी कंपनीने सुमारे ६२ कोटी पौंडांना हा क्लब विकत घेण्याचा प्रस्ताव मांडला. प्रेक्षकांनी संघटित होऊन विरोध केला आणि १९९९ साली सरकारने मक्तेदारी आयोगाच्या अहवालावरून तो व्यवहार रोखला. प्रेक्षक संघटित झाले आणि राज्यसंस्थेने आपले काम केले, तर बाजाराला अडविता येते, याचा हा पुरावा होता.

२००५ साली मात्र कोणी अडविले नाही. माल्कम ग्लेझर या अमेरिकन उद्योगपतीने सुमारे ७९ कोटी पौंड किमतीला क्लब ताब्यात घेतला. यातील निम्म्याहून बराच अधिक पैसा कर्जाऊ होता आणि त्या कर्जाचा बोजा क्लबावरच टाकण्यात आला. काही कर्जाचे व्याज १४ टक्क्यांहून अधिक होते. एखाद्या सावकाराने चाळ विकत घ्यावी आणि ती घेण्यासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते चाळीतल्या भाडेकरूंकडूनच भाडे वाढवून वसूल करावेत, तसा हा व्यवहार. जो क्लब त्या दिवसापर्यंत कर्जमुक्त होता, तो स्वतःच्या खरेदीची किंमत स्वतःच फेडू लागला. यात बेकायदा काहीच नव्हते, ही त्यातील सर्वांत गंभीर गोष्ट होय.

मग प्रेक्षक इतकी वर्षे गप्प का राहिले, असे कोणी विचारील. ते गप्प राहिले नाहीत. २००५ सालीच काहींनी क्लब सोडून ‘एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर’ हा सभासदांच्या मालकीचा, एक सभासद एक मत या तत्त्वावर चालणारा नवा क्लब काढला. २०१० साली हजारो प्रेक्षक तांबड्या रंगाऐवजी हिरवे-पिवळे मफलर गळ्यात घालून आले. ते जुन्या न्यूटन हीथचे रंग होते. परंतु या काळात ॲलेक्स फर्ग्युसन यांच्यासारखा असामान्य व्यवस्थापक संघाला विजय मिळवून देत होता. २००७ ते २०१३ या काळात पाच वेळा लीगचे विजेतेपद आले. करंडक येत होते तोवर कर्जाची वही उघडून पाहण्याची निकड पुष्कळांना भासली नाही.

२०१३ साली फर्ग्युसन निवृत्त झाले आणि झाकण उडाले. त्यानंतर डेव्हिड मॉयेस यांना पहिला हंगामही पुरा करू दिला नाही. लुई व्हॅन गाल यांना २०१६ साली एफए करंडक जिंकल्यावर दोन दिवसांत घालविण्यात आले. जोसे मोरिन्यो २०१८ साली गेले, ओले गुन्नार सोल्शायर २०२१ साली गेले. एरिक टेन हाग यांची मुदत २०२४ च्या उन्हाळ्यात वाढविली आणि त्याच ऑक्टोबरात त्यांना काढले. त्यांच्या जागी आलेल्या रूबेन अमोरिम यांच्या पहिल्या हंगामाअखेर, २०२५ च्या मे महिन्यात, संघ वीस संघांत पंधरावा आला. एवढे निरनिराळ्या स्वभावांचे, निरनिराळ्या देशांत यशस्वी ठरलेले व्यवस्थापक एकाच ठिकाणी एकापाठोपाठ एक निकामी ठरत असतील, तर दोष केवळ माणसांत शोधणे हे तर्काला धरून नाही. गिरणी डबघाईला आली की मालक जॉबर बदलतो. यंत्रे कोणी गंजू दिली, हा प्रश्न तेवढ्यापुरता मागे पडतो. व्यवस्थापकाची हकालपट्टी हे मालकांचे संरक्षक कवच असते. प्रेक्षकांचा राग त्याच्यावर निघतो, नवा माणूस येतो, नवी आशा येते आणि मालकीचा प्रश्न आणखी दोन वर्षे लांबणीवर पडतो.

अर्थात, प्रत्येक व्यवस्थापक निर्दोष असतो, असे मुळीच नाही. अमोरिम यांच्या हट्टी व्यूहरचनेवरची टीका निराधार नव्हती. शिवाय मालकांचा एक युक्तिवाद विचारात घेतलाच पाहिजे. २०१३ नंतर खेळाडूंच्या खरेदीवर १०० कोटी पौंडांहून अधिक रक्कम खर्च झाली. मग कंजुषीचा आरोप कसा टिकेल? तो टिकत नाही, हे मान्य करावे. खरा आरोप वेगळा आहे. हा पैसा मुख्यतः क्लबाच्याच कमाईचा होता आणि तो खर्च करणाऱ्यांना कोणापुढेही जाब द्यावा लागत नव्हता. बेजबाबदार सत्ता उधळी असो वा कृपण, परिणाम सारखाच होतो.

बाजार स्वतःच अशा मालकांना शिक्षा करील, असे जुने अर्थशास्त्र सांगते. अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली दाखवून दिले की, संस्था घसरू लागली की तिच्याशी बांधलेल्या माणसापुढे दोन वाटा असतात: बाहेर पडणे किंवा आवाज उठविणे. साबण वाईट निघाला तर गिऱ्हाईक दुसरा घेते. परंतु ज्याच्या आजोबाने ज्या पायरीवर उभे राहून सामना पाहिला, तो नातू दुसऱ्या संघाचा होत नाही. त्याला बाहेर पडण्याची वाट नाही, आणि क्लबात मत नसल्यामुळे त्याच्या आवाजाला वजन नाही. ही बांधून पडलेली निष्ठा हेच मालकाचे खरे भांडवल आणि तेच तो सावकाराकडे तारण ठेवतो. २०२४ च्या फेब्रुवारीत जिम रॅटक्लिफ या अब्जाधीशाने क्लबाचा सुमारे चौथा हिस्सा घेतला आणि खेळाची सूत्रे हाती घेतली. पुढे काय झाले? पहिल्या वर्षी सुमारे अडीचशे कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या, नंतर आणखी दोनशेपर्यंत कपातीची घोषणा झाली. आणि हंगामाच्या मध्यावर उरलेल्या तिकिटांचा दर मुले व वृद्ध यांची सवलत काढून सरसकट ६६ पौंड करण्यात आला. चुका संचालकांच्या दालनात झाल्या. त्यांची भरपाई कारकून, स्वयंपाकी आणि पेन्शनर प्रेक्षक यांनी केली.

याला पर्याय आहे काय? जर्मनीत नियम आहे की, मोजके अपवाद वगळता, क्लबाच्या कंपनीतील बहुसंख्य मते सभासदांच्याच हाती राहिली पाहिजेत. २०२४ साली तेथील लीगमध्ये खासगी गुंतवणूकदार आणण्याचा घाट घातला गेला, तेव्हा प्रेक्षकांनी मैदानात टेनिसचे चेंडू फेकून सामने थांबविले आणि बेत रद्द करावयास लावला. या व्यवस्थेतही विषमता आहे. बायर्न म्युनिकने २०१३ ते २०२३ अशी ओळीने अकरा विजेतेपदे घेतली. सभासदांच्या मालकीचा बार्सिलोना क्लबही अवाढव्य कर्जात बुडाला. पण तेथे सभासदांनी अविश्वासाचा ठराव उभा करताच २०२० साली अध्यक्षांना राजीनामा द्यावा लागला. लोकशाही चुकत नाही असा तिचा दावा नसतोच. चूक करणाऱ्याला घरी पाठविता येते, हा तिचा गुण.

इंग्लंडलाही थोडी जाग आली आहे. २०२१ साली युरोपातील बारा धनाढ्य क्लबांनी स्वतःची बंदिस्त सुपर लीग जाहीर केली आणि प्रेक्षकांच्या उठावापुढे ती दोन-तीन दिवसांत कोसळली. त्यातून झालेल्या चौकशीची परिणती २०२५ च्या कायद्यात झाली. स्वतंत्र नियामक आला, मालकांची पात्रता तपासण्याचे आणि प्रेक्षकांशी सल्लामसलत करण्याचे बंधन आले. हे पाऊल स्वागतार्ह आहे. मात्र सल्ला म्हणजे मत नव्हे, आणि कुळाला विचारून खंड ठरविणे म्हणजे कुळाला जमीन मिळणे नव्हे.

हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. मुंबईचा महिंद्र युनायटेड २०१० साली आणि पुण्याचा एफसी पुणे सिटी २०१९ साली मालकांच्या निर्णयाने बंद झाला. पाठीराख्यांना कोणी विचारले नाही. याउलट कोल्हापूरचे फुटबॉल संघ तालमी आणि पेठांच्या आधारावर पिढ्यान् पिढ्या उभे आहेत. पैशाने ते गरीब असतील. पण एका सहीने पेठ बंद करता येत नाही.

तेव्हा प्रेक्षकांनी व्यवस्थापकावर रागवावे, तो त्यांचा हक्क आहे. मात्र मागणी त्याच्या जागी कोण येणार एवढ्यावर थांबू नये. संचालक मंडळात निवडून दिलेले प्रतिनिधी, क्लबावर खरेदीचे कर्ज लादण्यास कायद्याने बंदी आणि सभासदांकडे क्रमाक्रमाने मतांचे बहुमत, या तीन मागण्या इंग्लंडच्या कामगार वस्त्यांतून उठल्या पाहिजेत. मैदान त्यांच्या पूर्वजांनी घामाने भरले आहे. त्याच्या किल्ल्यांवर त्यांचा हक्क पोहोचतो.