लग्न झालं म्हणून लस नको?

आम्ही नृसिंहवाडीच्या बचत गटातल्या बायका.

गेल्या बैठकीत एका सुनेनं कर्ज मागितलं. वय 24, पदरात एक लेकरू. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस घ्यायची म्हणाली. एक मावशी बोलल्या, "आई झालीस, आता लस कसली?" दुसरीनं तर हा रोग वाईट चालीच्या बाईला होतो, असंच ऐकलेलं.

ते आधी मनातून काढू या. हा कर्करोग एचपीव्ही विषाणूमुळे होतो. तो शरीरसंबंधातून येतो, आणि एकाच नवऱ्याशी संसार केलेल्या बाईलाही होतो. बहुतेकींच्या अंगातून तो आपोआप जातो. थोड्याजणींत वर्षानुवर्षं राहतो, तिथं धोका.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही लस 2023 मध्ये बाजारात आली. ती 9 ते 26 वयासाठी आहे. संबंध येण्याआधी घेतली तर सर्वांत चांगली. मग लग्न झालेलीला काय उपयोग? आपण पुराच्या गावच्या. पाणी उंबऱ्यात आल्यावर सामान माळ्यावर टाकलं, तर भिजलेलं कोरडं होत नाही, पण उरलेलं वाचतं. तसंच हे. विषाणूचा जो प्रकार अंगात शिरलाय त्यावर लस चालत नाही, बाकीच्यांपासून राखते.

पंधराव्या वर्षापासून पुढं तीन डोस लागतात: पहिला, मग दोन महिन्यांनी, मग पहिल्यापासून सहा महिन्यांनी. गरोदरपणी घेत नाहीत. बाजारात आली तेव्हा एका डोसाला साधारण 2000 रुपये पडायचे. म्हणजे तिन्हीचे 6000. म्हशीला लस टोचायची तर आपण कधी कारण विचारतो का? आम्ही कर्ज मंजूर केलं.

आता तिशी ओलांडलेल्या आपण. काही लसी 45 पर्यंत देतात, पण वयानं फायदा कमी होत जातो. ते डॉक्टरांना विचारून ठरवा. आमच्या मते पैसा थोडा असेल तर तो लेकी-सुनांच्या लसीला, आणि आपण आधी तपासणी करून घ्यावी. उस्मानाबाद जिल्ह्यात 1999 पासून 30 ते 59 वयाच्या सव्वा लाखावर बायकांचा अभ्यास झाला. ज्या गावांत एकदाच एचपीव्हीची तपासणी केली, तिथं या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. सरकारी दवाखान्यात गर्भाशयमुखाला पातळ आम्ल लावून बघतात. काही मिनिटांचं काम. लस घेतलेलीनंही तिशीनंतर तपासणी करायचीच. आणि संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसलं, तर तपासणीच्या दिवसाची वाट बघत बसू नका.

गुरुवारी वाडीत गर्दी, प्रसादाची दुकानं सोडून कुणाला हलता येत नाही. म्हणून शुक्रवारी सकाळी आम्ही नऊजणी जाणार आहोत. लस कसली म्हणणाऱ्या मावशींनी पहिलं नाव लिहिलंय. रिक्षात जागा आहे, यायचं तर बुधवारपर्यंत सांगा.