पंचांग, विक्रीवही आणि मालाचा अंदाज



करकंबसारख्या बाजारपेठेत कापडाला बारमाही सारखी मागणी नसते. लग्नसराई, पंढरीची आषाढी, दिवाळी आणि उसाचे बिल यांवर विक्री चढते-उतरते. तरीही पुष्कळ दुकानांत खरेदी होते ती मागील वर्षीच्या त्याच महिन्याची विक्री पाहून. येथेच चूक होते. सण व मुहूर्त तिथीने येतात आणि वही तारखेने लिहिली जाते. दिवाळी दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येते; अधिक मास आला की सुमारे १९ दिवस पुढे जाते.

२०२३ साली अधिक श्रावण होता. तो चातुर्मासात पडल्याने लग्नाच्या कापडाचे काही बिघडले नाही. २०२६ च्या अधिक ज्येष्ठाची गोष्ट निराळी. तो १७ मे ते १५ जून, म्हणजे ऐन लग्नसराईत. अशा महिन्यात बस्ता बांधायला कोणी येत नाही. धोंड्यासाठी जावयाचा पोशाख आणि लेकीची साडी मात्र मागितली जाते. याचा अंदाज २०२५ च्या वहीवरून कसा निघावा? त्यासाठी २०१८ ची वही उघडावी लागते. तेव्हाही अधिक ज्येष्ठच होता, १६ मे ते १३ जून. जुन्या वह्या रद्दीत घालणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे! २०२० ची वही मात्र सरासरीत धरू नये. त्या वर्षीची अक्षय्य तृतीया टाळेबंदीत गेली व पायी वारीही निघाली नाही.

दुसरा आधार पाण्याचा. उजनी भरले की नाही, यावर पुढील उसाचा अंदाज येतो. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत बिल मिळावे असा नियम आहे. ते प्रत्यक्षात केव्हा हाती येते, यावर रोखीची विक्री ठरते.

मागणी केव्हा नोंदवावी, याचा हिशेब सोपा आहे. एका प्रकारच्या साड्या रोज ४ खपतात आणि माल यावयास १० दिवस लागतात, तर ४० साड्या लागणारच. अडीअडचणीला १५ धराव्यात. शिल्लक ५५ वर येताच मागणी पाठवावी. त्याहून फार अधिक माल म्हणजे कपाटात घडी घालून ठेवलेले कर्ज, व्याज चालूच.

विक्रीवहीत एक उणीव राहतेच. ती विकलेले सांगते, मागितलेले नाही. नऊवारी संपलेली असताना पाच गिऱ्हाइके परत गेली, तरी वहीत त्या दिवशीची विक्री शून्यच दिसते आणि पुढील वर्षी नऊवारी मागविलीच जात नाही. गल्ल्याजवळ एक साधी वही ठेवावी आणि ‘नाही’ म्हटलेला प्रत्येक माल तिथीसह तीत लिहावा.